इतिहास मंडळाचा हॉल विकून फ्लॅट बांधा म्हणे!

खोऱ्यातली_काकू
परवा भटकेभाऊंनी इथे वेल्सच्या तीन दिवसांच्या ट्रिपवर लिहिलं. फोटो झकास, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटी जी पिंक टाकली ती काही पचली नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गावोगावची स्थानिक इतिहास मंडळं म्हणजे सात म्हातारे, एक किटली आणि बिस्किटांचा डबा. जुने फोटो सगळे फेसबुकवर आलेत, जुनी वर्तमानपत्रं नॅशनल लायब्ररीने नेटवर फुकट ठेवलीत, मग ते गळके हॉल विकून फ्लॅट करा. आणि जाता जाता, पबात शिरलो तर आम्हाला बघून मुद्दाम वेल्शमध्ये बोलायला लागले.

तर मी त्या सात म्हाताऱ्यांपैकी एक. साऊथ वेल्सच्या खोऱ्यात बावीस वर्षं राहते, किटली माझ्याकडेच असते.

तुम्ही ज्याला गळका हॉल म्हणता तो खाणकामगारांनी आठवड्याच्या पगारातून पैसे कापून घेऊन बांधलाय. सरकारने नाही, मालकाने नाही. नाव मायनर्स इन्स्टिट्यूट, इथले लोक त्याला नुसतं 'स्ट्यूट' म्हणतात. खाली बिलियर्ड, वर वाचनालय. असंच कापलेल्या पैशांतून ट्रेडेगरच्या कामगारांनी औषधपाण्याची सोसायटी चालवली होती, तिच्या कमिटीवर अन्यूरिन बेवन होता, आणि १९४८ ला आरोग्यमंत्री म्हणून त्याने एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, उभी केली तेव्हा नजरेसमोर तीच होती. तुम्ही रात्री अपरात्री एनएचएसच्या १११ ला फोन लावता ना, त्याच्या मुळाशी असलीच एक गळकी इमारत आहे.

आता फेसबुक. आमच्या गावच्या ग्रुपवर एक फोटो सारखा फिरतो, चर्चच्या मागच्या खोलीत सूप वाटतायत, रांगेत पोरं, खाली लिहिलंय '१९२६ चा संप'. तीनेकशे लाईक. मंडळात तोच फोटो दाखवला तर आमच्या एक ब्याण्णव वर्षांच्या बाई चष्मा पुसून म्हणाल्या, हे एकवीस सालचं लॉकआउट आहे, कारण मागच्या भिंतीवर महायुद्धात गेलेल्यांची पाटी नाही आणि ती पाटी तेवीसला बसली, बसवणारा माझा आजा. झालं. दोन मिनिटांत निकाल. मी ते ग्रुपवर लिहिलं तर माझी कमेंट त्र्याऐंशीव्या नंबरला जाऊन पडली आणि वर अजून '१९२६'च आहे.

पबाचं मात्र सांगतेच. तुम्ही यर विद्वाच्या पायथ्याशी होतात (स्नोडन हो, २०२२ पासून नॅशनल पार्कवालेही वेल्श नावच आधी वापरतात). तो ग्विनेथ जिल्हा. २०२१ च्या जनगणनेत तिथले ६४.४ टक्के लोक वेल्श बोलणारे. ते तुम्ही शिरायच्या आधीपासून तेच बोलत होते, दार उघडेपर्यंत तुम्हाला ऐकू आलं नाही इतकंच.

भटक्या_लंडन
काकू, एवढं मनाला लावून घेऊ नका, गमतीत लिहिलं होतं. पण मुद्दा मागे घेत नाही. हॉलचं हीटिंग, छप्पर, इन्शुरन्स, कोण भरणार? ओकडेलचा इन्स्टिट्यूट, १९१७ चा, उचलून सेंट फेगन्सच्या म्युझियममध्ये नेलाच ना? मस्त ठेवलाय. सगळ्यांना बघता येतो, एंट्री फुकट. असंच करावं.

खोऱ्यातली_काकू
मस्त ठेवलाय, पॉलिश केलाय, आणि आत कुणी कुणाशी भांडत नाही. तो हॉल गावात बंद पडला म्हणून तिकडे गेला, चालू होता म्हणून नाही. ब्लॅकवुडचा मायनर्स इन्स्टिट्यूट अजून चालू आहे, नाटकं होतात, गाणी होतात. तिथे जाऊन सांगा बरं, तुम्हाला उचलून म्युझियममध्ये ठेवतो म्हणून.

नाइटशिफ्ट_निनाद
ताई, तुमचं लिखाण आवडतं पण आज अजिबात पटलं नाही, आणि भटक्याशी माझं पटतंय याचंच मला वाईट वाटतंय.

माझे बाबा मिरजेहून एमबीबीएस करून आले आणि खोऱ्यातल्याच एका गावात सत्तावीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. तेव्हा खोऱ्यांमध्ये इंग्रज डॉक्टर यायला तयार नसायचे, बऱ्याचशा सर्जऱ्या (म्हणजे दवाखाने) आपल्या लोकांनीच चालवल्या हे तुम्हालाही माहितीये. बाबा धुळीने छाती भरलेल्या खाणकामगारांना तपासायला रात्री दोनला डोंगर चढून जायचे. आईने वेल्श केक शिकून घेतले आणि त्यात वेलची घालायला लागली, शेजारच्या बायका रेसिपी मागायच्या. बरं. तर त्या गावच्या इतिहास मंडळाने गावाचं जाड पुस्तक काढलं. चॅपलच्या गायकमंडळावर तीन पानं. खाटीक आहे, बेकर आहे, को-ऑप दुकानाच्या मॅनेजरचा कुत्रासुद्धा आहे. डॉक्टर एका ओळीत नाहीत. बाबांनी ते पुस्तक विकत घेतलं होतं, शेवटपर्यंत चाळत बसायचे, काही बोलले नाहीत.

आणि फेसबुकवर काय झालं? बाबा गेले तेव्हा कुणीतरी ग्रुपवर टाकलं, चार दिवसांत दोनशेच्या वर आठवणी. 'माझा जन्म त्यांच्याच हातचा', 'आमच्या आजोबांच्या दफनाला आले होते'. त्यातला एक माणूसही तुमच्या दोन वाजताच्या मीटिंगला येत नाही, कारण ते कामावर असतात. आणि मीटिंग वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला गुडघ्यांमुळे तिथे जाताच आलं नसतं.

अजून एक. त्या मंडळाचे सेक्रेटरी फोटोंची खोकी घरच्या कपाटात ठेवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर मुलांनी घर रिकामं करताना सगळं कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकलं. साठ वर्षांचे फोटो. वरच्या पेट्यांमध्ये पाणी शिरल्यावर शेजाऱ्यांना कळलं.

मुळशीकर
आमच्या मुळशीत १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेव्हा कुठे होते हे हॉल आणि मंडळं? त्यावर काढा की एखादा धागा.

खोऱ्यातली_काकू
काढा ना, मी येते प्रतिसाद द्यायला. हा वेल्सचा धागा आहे.

निनाद, तुझ्या बाबांचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. तो दोष मंडळाचा आहे, मान्य. पण भटकेभाऊ म्हणतात ती नेटवरची वर्तमानपत्रं साधारण १९१९ पर्यंतचीच आहेत हे लक्षात ठेव. अकरा लाखांवर पानं आहेत, मी रोज बसते त्यात, अमृत आहे ते. पण त्यात एकवीस नाही, सव्वीस नाही, चौऱ्याऐंशीचा खाणकामगारांचा संपही नाही. चौऱ्याऐंशीला माझ्या शेजारणीने आठवड्याला किती घरांना बटाटे, किती घरांना कॉर्नबीफ गेलं याची वही ठेवली होती. ती वही नेटवर नाही. ती आमच्या हॉलमध्ये, हिरव्या बिस्किटाच्या डब्यात आहे.

नाइटशिफ्ट_निनाद
डब्यात! ऐकलंत? डब्यात!! हेच म्हणतोय मी. उद्या तुम्ही गेलात की तो डबा स्किपमध्ये.

खोऱ्यातली_काकू
मी जायची इतक्यात तयारी केलेली नाही.

उत्तरेकडचा_उमेश
तुम्ही खालचे लोक हॉल की फेसबुक यावरच डोकी फोडताय. आमच्याकडे कनार्व्हनजवळ तिसरीच सोय आहे. दर महिन्याला गावाचा पापिर ब्रो निघतो, म्हणजे गावचा पेपर, अख्खा वेल्शमध्ये. कार्डिफचा 'अ दिनेसिद' १९७३ ला निघाला, मग लोण सगळीकडे पसरलं. छापून आला की महिन्यातून एका संध्याकाळी चॅपलच्या वेस्ट्रीत, म्हणजे जोडखोलीत, पंधरा-वीस जणं घडी घालायला बसतात. मी पण जातो. अर्ध्या घड्या वाकड्या माझ्याच. पण कोण आजारी, कुणाला नात झाली, कुणी शेत विकलं, सगळं घडी घालतानाच कळतं, पेपर वाचायची गरजच नाही. आणि लीथवाइनचा पब, 'तावर्न अ विक', १९८८ ला बंद पडायला आला तेव्हा गावानेच शेअर काढून घेतला, अजून गावाचाच आहे. इथे कुणी हॉल विकून फ्लॅट म्हणालं तर त्याला सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांवर २०२३ ला लावलेल्या १५० टक्के जादा काउन्सिल टॅक्सची आठवण करून देतात.

ळ_प्रेमी
उमेशराव, तुम्ही लीथवाइन असं कसं लिहिता? त्या गावाच्या सुरुवातीला दोन एल आहेत. दोन एल म्हणजे आपला ळ. ळिथवाइन. ळानेळी. हे मी कित्येक वर्षं सांगतोय, मराठीसारखा वेल्शलाही ळ आहे, हिंदीवाले ल वर भागवतात. टीव्हीवर हिंदीवाले अजून टिळकांना तिलक म्हणतात, डोकं उठतं. निदान वेल्शांनी तरी ळ जपलाय.

ड्युओलिंगो_दादा
अहो ळ नाही तो!! ळ म्हणताना जीभ मागे वळते. वेल्श दोन एल म्हणताना जीभ ल च्या जागी ठेवायची आणि आवाज न काढता नुसती हवा बाजूने सोडायची, मांजर फिस्कारतं तशी. ड्युओलिंगो ॲपवर चारशे दिवसांची स्ट्रीक आहे माझी, मला सांगू नका.

ळ_प्रेमी
घुबड बघून भाषा शिकलेल्या माणसाने मला ळ शिकवावा? मी कोल्हापूरचा आहे.

ड्युओलिंगो_दादा
कोल्हापूरचा ळ तुमचा, लानेल्ली त्यांची. आणि उमेशरावांचं 'विक' बरोबर आहे, वेल्शमध्ये एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ. डब्ल्यू हा स्वर आहे, म्हणून cwm चा उच्चार कूम, म्हणजे खोरं.

ळ_प्रेमी
मग दोन एल म्हणजे ळ का नाही? दोन एफ चा फ होतो तर दोन एल चा ळ व्हायला काय हरकत?

खोऱ्यातली_काकू
अरे हॉलचं काय झालं?

ड्युओलिंगो_दादा
काकू, एक मिनिट. हे महत्त्वाचं आहे. ळप्रेमी, तुम्हाला आपलं सामान्यरूप माहितीये ना, घोडा पण घोड्याला. तसं वेल्शमध्ये शब्दाचं पहिलंच अक्षर बदलतं. ती लानरिस्टिडजवळच्या रस्त्यावरची प्रसिद्ध भिंत, 'कोविउख द्रवेरिन', ट्रवेरिन लक्षात ठेवा. साठच्या दशकात पहिल्यांदा रंगवली तेव्हा त्यात 'ट्र'च होतं, म्हणजे व्याकरणाची चूक होती, नंतर कुणीतरी 'द्र' केलं.

ळ_प्रेमी
बघा, वेल्शांचंच चुकलं होतं, तर माझं एक चुकलं तर काय.

उत्तरेकडचा_उमेश
या भिंतीचं निघालंच आहे तर बोलतो, कारण मला वाटतं काकू आणि निनाद दोघंही तिच्याकडे बघत नाहीयेत. ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यातलं कापेल केलिन गाव. शाळा, चॅपल, पोस्ट, शेतं. लिव्हरपूलला पाणी पाहिजे होतं म्हणून १९५७ ला पार्लमेंटमध्ये कायदा केला. वेल्सच्या छत्तीस खासदारांपैकी पस्तीस जणांनी विरोध केला, उरलेल्या एकाने मतच दिलं नाही, आणि तरी पास. १९६५ ला गाव पाण्याखाली. उद्घाटनाला लोकांनी माइकच्या वायरी कापल्या. लिव्हरपूल काउन्सिलने माफी मागितली २००५ ला, चाळीस वर्षांनी. आता ते गाव कुठल्या हॉलमध्ये लक्षात राहिलं? कुठल्या ग्रुपवर? एका पडक्या भिंतीवर राहिलं. २०१९ ला कुणीतरी त्यावर एल्व्हिस रंगवलं, मग भिंतीचा काही भाग पाडला, तर पोरांनी रात्रीत परत रचली आणि वेल्सभर शंभर ठिकाणी तीच अक्षरं रंगवली. आमच्या गोठ्यावर पण आहे. सासऱ्यांनी रंगवलीये, थोडी तिरकी आहे.

भटक्या_लंडन
म्हणजे हॉल नको, फेसबुक नको, गोठा. वा. पोरांनी ते सगळं इन्स्टाग्रामवरूनच जमवलं असणार, लिहून ठेवा.

उत्तरेकडचा_उमेश
आणि रंगाचा डबा इन्स्टाग्रामवर मिळाला का?

नाइटशिफ्ट_निनाद
फेसबुकच्या बाजूने बोलतोय म्हणून त्यातलं सगळं चांगलं असं नाही. दर २१ ऑक्टोबरला ॲबरफानचा (१९६६ ला खाणीच्या कचऱ्याचा ढिगारा शाळेवर कोसळला ते गाव) तोच शाळेचा फोटो मेणबत्ती चिकटवून फिरवतात, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं, खाली हात जोडलेले. पण ढिगारे हलवायला त्या लोकांच्याच मदतनिधीतून दीड लाख पाउंड काढून घेतले होते आणि ते १९९७ ला परत दिले, हे त्या पोस्टमध्ये कधीच नसतं. त्या गावात हे कुणाला विसरता येत नाही. बाबा तिथल्या एका पेशंटबद्दल सांगायचे, तो पाऊस पडला की खिडकीशी उभा राहायचा. पुढचं इथे लिहीत नाही.

खोऱ्यातली_काकू
हे मंडळात सांगशील का, इथे नको तर?

लिफ्टचं खरंय. दोनदा अर्ज केलाय, दोनदा नाही आलं. वेळेचंही खरंय, दोनची वेळ पेन्शनवाल्यांच्या सोयीची म्हणून ठेवलीये. डब्यातली वही मी या आठवड्यात मोबाईलवर पान न पान काढते, खूश? तुझ्यामुळे नाही, आमच्या त्या ब्याण्णव वर्षांच्या बाईंनीच मागच्या महिन्यात सांगितलं होतं.

आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते का ते त्या गावच्या मंडळाला विचारते. माझी ओळख आहे तिथे, बिस्किटांमुळे.

भटक्या_लंडन
ठीक आहे, फ्लॅट नको. किटली ठेवा. पब मात्र मी सोडणार नाही, एकाने 'इंग्लिश' असा शब्द नक्की उच्चारला होता.

उत्तरेकडचा_उमेश
तुम्ही ऑर्डर दिली असेल, तो म्हणाला असेल हा इंग्लिशमध्ये बोलतोय.

ळ_प्रेमी
ळ बद्दल कुणी काही बोलतच नाही आता. पळ काढला सगळ्यांनी. पळ, ळ ने.

नाइटशिफ्ट_निनाद
ताई, बाबांचा सर्जरीच्या दारातला एक फोटो आहे, १९७८ च्या आसपासचा. बाबा, रिसेप्शनिस्ट, आणि उजवीकडे एक डिस्ट्रिक्ट नर्स सायकल धरून उभी. मागे नाव काही लिहिलेलं नाही. ग्रुपवर टाकला होता, चाळीस जणांनी हृदय दिलं, नर्स कोण ते एकालाही सांगता आलं नाही.

खोऱ्यातली_काकू
गुरुवारी घेऊन ये. आमच्याकडे दोन जणी आहेत ज्यांना त्या वेळच्या सगळ्या नर्सा माहिती आहेत, सायकलवरूनसुद्धा ओळखतील.

नाइटशिफ्ट_निनाद
गुरुवारी किती वाजता?

खोऱ्यातली_काकू
दोन.

नाइटशिफ्ट_निनाद
ताई.