गावाचा आराखडा गावानेच करावा का?

बांधावरून
आमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला म्हणून पाहायला गेलो, तर एका पानावर शेजारच्या गावाचं नाव तसंच राहून गेलेलं. राग आला. तरीही आराखडा गावानेच करावा, असंच माझं मत आहे.

कारण सांगतो. 2015 नंतर केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला, त्याच सुमाराची गोष्ट. आमच्या वरच्या आळीला पाणी चढत नव्हतं. तालुक्याहून उपाय आला होता नव्या टाकीचा. ग्रामसभेत आमचा पाणी सोडणारा माणूस उठून म्हणाला, "टाकी रोज भरते. खालच्या आळीचे नळ उघडेच असतात, मग वर काय चढणार? दोन व्हॉल्व्ह द्या, पाळी लावतो." व्हॉल्व्ह बसले. पहाटे पाच ते सहा वरची आळी, नंतर खालची. आजही तसंच चालतं. हे तालुक्यात बसून कुणाला सुचलं असतं?

निवृत्त शाखा अभियंता
व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे नियोजन नव्हे. टाकी भरत होती म्हणून तो उपाय चालला. विहीरच मार्चमध्ये कोरडी पडली असती तर? पाणलोट गावाची शीव ओळखत नाही. एकाच ओढ्यावर तीन गावांनी आपापल्या आराखड्यात आपापली विहीर घेतलेली मी पाहिली आहे. तिन्ही कागदावर चोख होत्या आणि तिन्ही उन्हाळ्यात आटल्या.

1962 पासून आपल्याकडे जिल्हा परिषद हा नियोजनाचा कणा होता. अभियंते तिथे, नकाशे तिथे. चौदाव्या आयोगाने तिला आणि पंचायत समितीला दमडी दिली नाही. पंधराव्याने निधी दिला, आपल्या राज्यात दोघांचा वाटा दहा-दहा टक्के ठरला, तर 2022 पासून निवडणुका रखडल्या आणि प्रशासक बसले. मधला मजला काढून घर उभं राहत नाही.

सदस्या, वॉर्ड 3
तुम्ही दोघं गाव म्हणता, पण गाव म्हणजे कोण? आमच्या महिला सभेने अंगणवाडीत पाण्याचं कनेक्शन आणि दाराची कडी मागितली. दोनच गोष्टी. मदतनीस ताई समोरच्या घरून घागर आणते, आणि मुलं संडासला बसली की दार हाताने धरून उभी राहते. ठराव झाला, पण आराखड्यात आले वेशीपासून देवळापर्यंतचे पेव्हर ब्लॉक.

पंधराव्या आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. सरपंच मंडळी त्यावर कुरकुरायची. मला विचाराल तर तेवढ्या बंधनामुळेच आमच्याकडे गटार झालं, नाहीतर त्याही पैशाची कमान उभी राहिली असती.

बांधावरून
अभियंतासाहेब, तीन विहिरींचा मुद्दा मान्य. पण 1996 मध्ये केरळने योजना निधीचा 35 ते 40 टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, तेव्हा बऱ्याच खात्यांची माणसंही त्यांच्याकडे वर्ग केली. आपल्याकडे पंचायतींकडे सोपवायचे, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतले 29 विषय कागदावर आहेत, पण एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं. शेजारच्या गावाचं नाव आराखड्यात राहतं ते यामुळेच. अभियंता गावांच्या हाताखाली द्या, मग तिन्ही गावं एका टेबलाशी बसवता येतील.

ताई, बंधनाबद्दल मात्र पटत नाही. आज पाण्याला बांधाल, उद्या दिल्लीला वाटेल त्याला बांधतील.

निवृत्त शाखा अभियंता
हाताखाली म्हणजे सरपंच सांगेल तिथे मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदीवर, सही. त्या दबावात मी नोकरी काढली आहे. नको.

सदस्या, वॉर्ड 3
दिल्लीचं पुढे बघू, दादा. कडी अजून बसलेली नाही. येत्या ग्रामसभेत महिला सभेचा ठराव आधी मोठ्याने वाचा आणि मगच आराखडा मांडा, असा अर्ज मी दिलाय. पोच घेतली आहे.