बंधाऱ्याच्या संथ पाण्यात डीजीटी: किती दिवस, आणि आकडा कसा सावरायचा?

पंचगंगाकाठ: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तांबं, जस्त, शिसं आणि कॅडमियमसाठी चेलेक्स रेझिनचे (धातू धरून ठेवणाऱ्या) डीजीटी सोडायचेत, म्हणजे पाण्यातला विरघळलेला धातू फिल्टर आणि जेलमधून सरकून रेझिनवर जमतो त्या छोट्या डब्या. उन्हाळ्यात तिथं पाणी जवळजवळ उभंच. किती दिवस ठेवावेत? संथ पाण्यात आकडा कमी येतो, त्याचं काय करावं?

जेलवाला: सात दिवस पुरे. पाण्यात कॅडमियम लिटरला 1 मायक्रोग्रॅम असेल, तर 25 अंशांना 0.94 मिमीच्या थरातून (जेल 0.8, फिल्टर 0.14) आठवड्यात साधारण 123 नॅनोग्रॅम जमतं. 1 मोलर नायट्रिक ॲसिडच्या 1 मिलीत रेझिन चोवीस तास ठेवलं, निघण्याचं प्रमाण 0.8 आणि रेझिन जेलचं स्वतःचं 0.16 मिली आकारमान धरलं, की त्या ॲसिडात लिटरला 85 मायक्रोग्रॅम. दहापट पातळ करूनही आयसीपी-एमएसला (धातू मोजायच्या यंत्राला) भरपूर. जास्त दिवस ठेवाल तर उन्हाच्या पाण्यात फिल्टरवर शेवाळ चढतं आणि तेच नवा अडसर होतं. तापमानाचा लॉगर दोरीलाच बांधा. अंशामागे दोन-तीन टक्के फरक पडतो.

थर_मोजा: खरी गोम फिल्टरबाहेरच्या न हलणाऱ्या पाण्याच्या थरात आहे. तो अर्धा मिमी जरी झाला, तरी आकडा तिसऱ्या हिश्श्यानं खाली. म्हणून एकाच जागी 0.4, 0.8 आणि 1.2 मिमी जेलचे प्रत्येकी तीन सोडा. जमलेल्या वस्तुमानाचा व्यस्त जेल-फिल्टरच्या जाडीसमोर मांडा. छेद भागिले चढ म्हणजे बाहेरच्या थराची जाडी. हे करणार असाल तर डबीच्या खिडकीचं क्षेत्रफळ 3.14 नको, 3.8 चौ. सेंमी घ्या. कडेनं होणारं विसरण त्यात धरलेलं आहे. बाहेरचा थर न धरणं आणि क्षेत्रफळ कमी धरणं, वाहत्या पाण्यात या दोन चुका एकमेकींना खातात, उभ्या पाण्यात नाही.

गाळसाळ: टांगायला जी.आय. (जस्त चढवलेली) तार वापरलीत तर जस्ताचा निकाल फुकट. वजनाला गळाचे शिशाचे गोळेही नकोत, नायलॉन दोरी आणि धुतलेला दगड. जलपर्णीच्या खाली टांगू नका. काढल्यावर डीआयोनाइज्ड पाण्यानं धुऊन, ओल्या झिप पिशवीत, 4 अंशांना. गोठवलं की जेल गेलं. तीन ब्लँक (तुलनेसाठी कोरे डीजीटी) बरोबर न्यायचेच, फक्त पाण्यात सोडायचे नाहीत.

पंचगंगाकाठ: गाळलेल्या नमुन्यापेक्षा तांबं कमी दिसलं तर?

थर_मोजा: थराचा हिशेब करूनही कमी आलं, तर ते अपेक्षितच. ह्यूमिक द्रव्याला (कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात येणाऱ्या) घट्ट धरलेलं तांबं 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून बाटलीत उतरतं, पण जेलमधून हळू सरकतं आणि रेझिनला सगळं सोडतही नाही. दोन्ही आकडे छापा. आर्सेनिक याच डीजीटीत बघू नका, चेलेक्स ते धरत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचं जेल लागेल.