टॉवर हिल असताना फॉकनर स्क्वेअर कशाला? याला माझं उत्तर

बंदरकाठ: परवा एकांनी लिव्हरपूलच्या फॉकनर स्क्वेअर बागेतल्या दगडाचा फोटो टाकला. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या काळ्या व्यापारी खलाशांचं ते स्मारक. वर शेरा: "मेलेल्यांचीही रंगावरून वाटणी! लंडनच्या टॉवर हिलवर सगळे आहेत की." (टॉवर हिल म्हणजे युद्धात बुडालेल्या व्यापारी खलाशांचं लंडनमधलं स्मारक.) तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

वाटणी दगडाने केली नाही, ब्रिटिश सरकारने केली. 1925 च्या हुकमाने 'रंगीत' खलाशांना पोलिसांत परदेशी म्हणून नोंद करायला लावली. कागद दाखवता आले नाहीत म्हणून ब्रिटिश प्रजाजनही त्यात भरडले गेले. हुकूम उठला 1942 मध्ये, म्हणजे अटलांटिकमध्ये माणसं बुडत असताना तो चालूच होता. त्याआधी 1919 च्या जूनमध्ये बर्म्युडाच्या चार्ल्स वूटनला याच लिव्हरपूलच्या जमावाने क्वीन्स डॉकपर्यंत पळवलं. तो पाण्यात गेला आणि मेला. त्या शहरात, काळ्या खलाशांच्याच वस्तीत एक दगड उभा राहिला तर कुणाच्या पोटात का दुखावं?

समानधागा: फोटो माझाच. टॉवर हिलवर दुसऱ्या युद्धातली जवळपास 24,000 नावं आहेत, जहाजवार. एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीच्या बोटींवरचे पश्चिम आफ्रिकी आगवाले (भट्टीत कोळसा टाकणारे) गोऱ्या सोबत्यांच्याच पाटीवर आहेत. एका बोटीवर मेले, एका पाटीवर आले. यापेक्षा मोठा मान कोणता? वेगळा दगड मांडला की बाकीचे म्हणायला मोकळे, 'त्यांचं त्यांनी बघावं.'

रत्नागिरी_डेक: 'सगळे' हा शब्द आधी मागे घ्या. आपले लोक टॉवर हिलवर नाहीत. अविभाजित हिंदुस्थानच्या आरमारातले आणि व्यापारी बोटींवरचे मिळून सुमारे 6,500 जण एका नामावलीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावला. 'सिटी ऑफ बनारस' घ्या. लिव्हरपूलहून निघाली, 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री बुडवली. इंग्लंडहून पाठवलेल्या 90 मुलांपैकी 77 गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शंभरावर हिंदी खलाशी गेले, ते कुणी सांगत नाही. बोट एक, पण साहेब लंडनच्या पाटीवर आणि हिंदी खलाशी मुंबईच्या वहीत.

माझे चुलत आजोबा सुकाणी होते. मय्यत आली नाही, आली ती पत्र्याची पेटी. आत दोन लुंग्या आणि दाढीचं सामान. दादी मरेपर्यंत फातेहा पढायची, पण कबर कुठली दाखवणार?

समानधागा: तुमच्या घरच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण पेटीवरून धोरण ठरत नाही.

तांडेल७०: मेलेल्यांचं पुरे करा, जिवंतांचं बोला. माझ्या भाच्याने बोटीवर चढायला एजंटला साडेतीन लाख मोजले. चढल्यावर चार महिने पगार नाही, पासपोर्ट कॅप्टनकडे. त्याच्यासाठी कोण दगड बसवतंय?

बंदरकाठ: काका, विषय स्मारकाचा आहे.

तांडेल७०: विषय हाच आहे! 1939 मध्ये युद्ध लागताच हिंदी खलाशांनी संप केले ते कशासाठी? पगारासाठीच ना? गोऱ्याच्या तुलनेत चिमूटभर पगार आणि पाणबुडी मात्र दोघांना सारखीच. तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार वाढला. आफताब अली, सूरत अली या खलाशांच्या पुढाऱ्यांची नावं इथं किती जणांना माहीत आहेत? फुलं वाहायला सगळे पुढे, पगारपत्रक काढलं की गप्प.

मडगावचो: संपाचं श्रेय एकट्या डेकवाल्यांना नको. सलूनमध्ये, म्हणजे जेवणखाण-वाढपाच्या कामावर, आमचे गोंयकार होते, इंजिनात पंजाबी आणि सिल्हेटी. प्रत्येक वेळी कोकणच पुढे!

रत्नागिरी_डेक: मी कुठे एकट्याचं म्हटलं? नीट वाचत जा. आणि भाच्याचं वेगळं लिहा हो काका, नाहीतर इथं एजंटांवरच शंभर प्रतिसाद पडतील.

तांडेल७०: पडू देत. कुणीतरी वाचेल.

समानधागा: बरं. 'सगळे' हा शब्द चुकला, हिंदी खलाशांपुरता मागे घेतो. पण मग तुमची मागणी टॉवर हिलवर नावं कोरा अशी हवी. फॉकनर स्क्वेअरचा दगड त्यावरचा इलाज नाही. आफ्रिकी नावं पाटीवर आहेतच, त्यांना वेगळ्या बागेची गरज मला आजही पटलेली नाही.

बंदरकाठ: पाटीवर पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनचा आगवाला आहे, पण तो फ्रीटाउनचा होता हे ती सांगत नाही. लिव्हरपूलच्या त्याच्या नातवाने लंडन गाठून 24,000 नावांत आजा शोधायचा का? दगड त्याच्या गल्लीत आहे, तिथंच हवा. टॉवर हिलच्या मागणीचा अर्ज मात्र तुम्ही लिहा, पहिली सही माझी.

समानधागा: लिहितो. पण त्यात फॉकनर स्क्वेअरचा उल्लेख येणार नाही.