मरणाच्या दारात मिळालेली कृपा : मग आयुष्यभर सोसलेलीचं काय?

सीनाकाठची

गेल्या महिन्यात माझे थोरले चुलते वारले. आम्ही चार पिढ्यांपासून मिशनच्या मंडळीतले, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि त्याच घरात रात्री मोठी आई मार खायची. चाळीस वर्षं त्यांची दारू तिच्या विड्यांवर चालली. तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीत सोन्याचा एवढासा क्रूस होता, तो त्यांनी एका पावसाळ्यात विकला. तेव्हापासून ती नुसते मणी घालते.

दवाखान्यातून घरी पाठवल्यावर ते अकरा दिवस जगले. त्यात एकदा त्यांनी पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, बोलावलं, खूप रडले, पापांची क्षमा मागितली, प्रभुभोजन घेतलं. रडणं खोटं नव्हतं, मी तिथंच होते. पण क्षमा मागितली ती देवाकडे. मोठी आई उशाशी पेजेची वाटी घेऊन बसली होती, तिच्याकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

दफनाच्या वेळी पाळकांनी लूकच्या तेविसाव्या अध्यायातल्या चोरावर संदेश दिला. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला गुन्हेगार शेवटच्या घटकेला त्याला म्हणतो, माझी आठवण ठेव, आणि येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन देतो. आपले बंधूही आज तिथंच आहेत, असं पाळक म्हणाले. घरी आल्यावर मोठ्या आईनं मला विचारलं, "ते तिथं असतील, तर मला कुठं बसवतील गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं होतं, कर्मांनी नाही, हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन संडे स्कूलपासून मला पाठ आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण डिट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकानं १९३७ साली 'स्वस्त कृपा' म्हणून ज्याला नाव ठेवलं, तेच आपण दफनभूमीत वाटत नाही ना? पश्चात्ताप न करता मिळणारी क्षमा, असं तो म्हणत होता. ज्या माणसावर अन्याय केला त्याला वगळून केलेला पश्चात्ताप अर्धाच असतो, आणि त्यावर तारणाचा शिक्का मारण्याची मंडळीनं घाई करू नये, असं माझं मत आहे. तुम्हांला काय वाटतं?

पाळकाचा मुलगा

ताई, तुमच्या मोठ्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी मत विरोधात आहे, ते स्पष्ट लिहितो.

त्या चोराचे हात खिळलेले होते. त्याला कुणाचे पैसे परत करता आले नाहीत, कुणाचे पाय धरता आले नाहीत, बाप्तिस्मासुद्धा घेता आला नाही. तरी त्याला वचन मिळालं. तारण म्हणजे मजुरी नाही, दान आहे. त्याला "आधी हे कर" अशी एक जरी अट लावली की ते दान राहत नाही. माणूस आपल्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो, असं जुन्या काळी पेलाजियस नावाचा साधू शिकवत होता. बिशप ऑगस्टीननं त्या शिकवणीविरुद्ध आयुष्याची शेवटची वर्षं वाद घातला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं ती शिकवण नाकारली. अटी वाढत गेल्या की काय होतं, हे १५१७ च्या जर्मनीत दिसलं. पापाच्या दंडातून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन विकली जात होती.

तुमचे चुलते रडले, ख्रिस्ताला हाक मारली. ती हाक पुरेशी होती की नाही हे ठरवणारे आपण कोण? माझे वडील तीस वर्षं पाळक होते. मरणाऱ्या माणसाला ते यादी वाचून दाखवत नसत.

वसईवाला

मी कॅथलिक, त्यामुळे मला हा प्रश्न वेगळ्या बाजूनं दिसतो. लहानपणी कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, जायच्या आधी आजी विचारायची, "ज्याचं घेतलंस त्याला दिलंस का?" शेजारच्या वाडीतली चिकूची फळं चोरली होती म्हणून फादरांनी मला प्रार्थना तर सांगितलीच, वर त्या घरी जाऊन कबूल करायलाही पाठवलं. ओटीवर उभं राहून ते चार शब्द बोलताना पाय कापत होते ते अजून आठवतं. मनापासून पश्चात्ताप, तोंडानं कबुली आणि झालेल्या नुकसानीची भरपाई, हे तिन्ही आमच्याकडे एकत्र येतात.

याचा अर्थ आम्ही तारण कमावतो असा नाही. हा गैरसमज फार जुना आहे. १५४७ साली आमच्या ट्रेंटच्या धर्मसभेनंही सांगितलं की सुरुवात देवाच्या कृपेनंच होते, माणूस तिला फक्त होकार देतो आणि तिच्याबरोबर चालतो. जखय्याचं बघा. लूकचा एकोणिसावा अध्याय. तो जकातदार उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण लाभलं.

आणि चोराविषयी एक सांगतो. तो गप्प राहून सुखलोकात गेला नाही. दुसऱ्या गुन्हेगाराला त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की आपल्याला झालेली शिक्षा योग्यच आहे. ती कबुलीच होती, भर चौकातली.

पाळकाचा मुलगा

जखय्याचा क्रम उलटा लावू नका. तो झाडावर होता तेव्हाच येशू म्हणाला, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. चौपटीची भाषा त्यानंतर आली. कृपा आधी आली, तिजोरी नंतर उघडली.

पंडिता रमाबाईंचंही तेच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे पुढं आठेक वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिलं आहे. दुष्काळातल्या पोरीबाळींना पोटाशी धरणारं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं आहे.

वसईवाला

आणि शारदा सदन? ते १८८९ चं, म्हणजे तुमच्या हिशेबानं त्याआधीचं. विधवांसाठी मुंबईत शाळा काढली तेव्हा रमाबाईंच्या अंगी कृपा नव्हती असं म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

शिवाय "फक्त विश्वासानं" हे शब्द बायबलमध्ये जिथं येतात ते याकोबाच्या पत्रात, आणि तिथं "फक्त विश्वासानं नव्हे" असं लिहिलं आहे. रोमकरांच्या पत्रात 'फक्त' हा शब्द प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथर यानं भाषांतर करताना घातला. हा वाद तुमच्या-माझ्यात संपणारा नाही, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिकांनी आणि ल्यूथरच्या परंपरेतल्या मंडळ्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. आपल्या गुणांमुळे नव्हे तर कृपेमुळे देव आपल्याला स्वीकारतो आणि तीच कृपा सत्कर्मांना बळ देते, असं दोघांनी मिळून म्हटलं. पुढं मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. तेव्हा भांडण मुळाशी नाही. मोठ्या आईच्या प्रश्नाला मी शुद्धिस्थानाच्या शिकवणीनं उत्तर देईन. क्षमा झाली तरी माणूस जसा होता तसाच देवासमोर बसत नाही. त्याला आधी घासूनपुसून निघावं लागतं. त्यात मोठ्या आईचं रडणं त्यांना स्वतःला ऐकावं लागत असेल, अशी माझी समजूत आहे.

सरळरेषा

मी कुठलाच देव मानत नाही, तरी हा प्रश्न माझाही आहे. माझ्या घरातही अशी एक बाई होती.

मार बाईनं खाल्ला आणि माफ देवानं केलं, हे मला पटत नाही. ज्याचं नुकसान झालं नाही त्यानं कर्ज सोडून द्यायचं, हा कुठला न्याय? आणि शेवटच्या क्षणाची सोय ठेवली की माणसं तिचा उपयोग करून घेणारच. कॉन्स्टंटाइन या रोमन बादशहानं ३३७ साली अगदी मरणाच्या तोंडावर बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानं सगळी पापं धुतली जातात म्हणून तो लांबणीवर टाकण्याची त्या काळात चालच होती. यापेक्षा "करावे तसे भरावे" हे सरळ नाही का? निदान त्यात मार खाणाऱ्या बाईची फसवणूक तरी होत नाही.

इंद्रायणी

सरळरेषा, होते फसवणूक. माझं घर वारकरी. माझ्या आजीचा नवराही असाच होता. तिला शेजारपाजारच्यांनी काय सांगितलं माहीत आहे? "गेल्या जन्मीचं काही देणं असेल गं, फेड आता." त्याचं पाप तिच्या खात्यावर मांडलं. हिशोब चोख, आणि तो लिहिणारे सगळे पुरुष. म्हणून "करावे तसे भरावे" कुणी म्हटलं की मला आजीचा सुजलेला डोळा दिसतो.

कृपेचा वाद आमच्याकडेही आहे. रामानुजांच्या परंपरेत मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं. मांजराच्या पिल्लाला काहीच करावं लागत नाही, आई मानगुटीला धरून उचलून नेते. वसईवाले मला थोडे माकडाच्या पिलाच्या बाजूचे वाटतात आणि पाळकाचे चिरंजीव पूर्ण मांजराच्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असंच सांगत. तेव्हा हे बोलणं मला परकं नाही.

मला विचाराल तर मरणाऱ्याला आशा असावी. पण ती आशा सांगताना त्याच्या बायकोकडे पाठ करून सांगू नये.

नाक्यावरचा

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. गवंड्याच्या हाताखाली पंधरा वर्षं काम केलं, सकाळी मजूर नाक्यावर उभा राहायचो. मत्तयच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट मला त्या नाक्यामुळं कळली. मालक पहाटे मजूर नेतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना एकच दीनार, म्हणजे त्या वेळचा एका दिवसाचा रोज. पहाटेचे कुरकुरतात.

चर्चमध्ये या गोष्टीत पाचवाल्यांना आळशी समजतात. नाक्यावर पाचपर्यंत कोण उरतं ते मी पाहिलंय. सकाळी मुकादम दंड दाबून बघतो. जवान पोरं टेम्पोत चढतात. मागं राहतो म्हातारा, हात मोडलेला, आणि आदल्या रात्रीची उतरली नाही असा. दहा वाजले की पान खायचं निमित्त करतात, पण हलत नाहीत, कारण घरी काय सांगणार? मळ्याचा मालक विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हांला कुणी कामावर लावलंच नाही. त्यांच्याही घरी तेवढंच पीठ लागतं. तासाच्या हिशेबानं दिलं असतं तर लेकरं उपाशी झोपली असती. कृपा म्हणजे मला तेवढंच समजतं. मालक किती राबलास ते बघत नाही, घरी किती लागतं ते बघतो.

ताई, तुमचे चुलते पाचला नाक्यावर उभे होते असं समजा.

सीनाकाठची

नाक्यावरचे दादा, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. आजवर या गोष्टीवर ऐकलेल्या कुठल्याही संदेशापेक्षा जास्त कळलं.

पण एक फरक आहे, तो मला सोडवत नाही. त्या गोष्टीत संध्याकाळच्या मजुरानं सकाळच्या मजुराची भाकर पळवलेली नव्हती. माझ्या चुलत्यांनी पळवली होती, चाळीस वर्षं. दोघांना एकच दीनार मिळाला याचं मला दुःख नाही. मालकानं त्याला "तिची भाकर कुठंय?" एवढं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मत्तयच्याच पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलं असताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. चुलत्यांना तर कुठं जायचंही नव्हतं. दोन हातांवर बसली होती ती.

पाळकाचा मुलगा

हे वचन मी विसरलो होतो, कबूल करतो. तरी माझं म्हणणं मागं घेत नाही. त्यांचं तारण झालं की नाही हे समेटावर अवलंबून ठेवायला मी तयार नाही, कारण मग ज्याला समेटाला वेळच मिळाला नाही तो कायमचा बुडाला. पण पाळकांनी त्या खोलीत "बाईंना काही सांगायचंय का?" असं विचारायला हवं होतं. तारणाची अट म्हणून नव्हे. तो माणूस खरंच ख्रिस्ताकडे वळला होता तर त्याला ते सांगावंसं वाटलं असतं, आणि सांगायला कुणीतरी हात धरावा लागतो. वडील असते तर त्यांना विचारलं असतं की असं ते करत होते का. मला आठवत नाही.

सरळरेषा

एवढं कुणी केलं असतं तर माझी निम्मी तक्रार मिटली असती. उरलेली निम्मी राहू द्या.

सीनाकाठची

काल रात्री मोठ्या आईला मळ्याची गोष्ट वाचून दाखवली. नाक्यावरच्या दादांनी सांगितलेलंही सांगितलं, म्हातारा, मोडक्या हाताचा, सगळं. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हात थांबला नाही. गोष्ट संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "संध्याकाळच्याला दिलं ते बरंच केलं. त्याच्या पण घरी लेकरं असतील." जुडीला दोरा गुंडाळला, दातांनी तोडला. "पण माझ्याकडं मागितलं असतं तर मीबी दिलं असतं की. मी काय नाही म्हणणार होते?"

रविवारी उपासनेनंतर मी पाळकांना भेटायला जाणार आहे. हे तिच्याच शब्दांत सांगायचं ठरवलं होतं. सकाळी ती म्हणाली, तू कशाला सांगतीस, मीच येते.