शब्दचर्चा: 'पेशंट अँड पब्लिक इन्व्हॉल्व्हमेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

सुरंगी:
मंडळी, मदत हवी आहे. सिंधुदुर्गात मानसिक आरोग्यावरचा एक अभ्यास सुरू होतोय, त्याचं माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच ओळीवर अडकून बसलेय. मूळ शब्द वर दिलाय. अर्थ असा की पेशंट, त्यांच्या घरची माणसं, वाडीतले लोक यांनी नुसता फॉर्म भरून द्यायचा नाहीये, प्रश्न कुठले विचारायचे, कसे विचारायचे, निकाल आला की कुणाला सांगायचा हे ठरवायला पण बसायचंय. जुन्या अनुवादात 'रुग्ण व जनसहभाग' केलंय, ते मला ग्रामस्वच्छतेच्या बोर्डावरून उचलल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय का?

खाडीकाठ:
बोर्डाचं सोडा, खरा घोळ 'सहभाग'मध्येच आहे. संमतीपत्रात ज्याच्यावर अभ्यास होणार त्यालाच 'सहभागी' म्हणतात, मग त्याच कागदावर ठरवायला बसणाऱ्यालाही सहभागी म्हटलंत तर वाचणाऱ्याला काय कळणार, आपली तपासणी होणार आहे की आपल्याला मत विचारणार आहेत? ब्रिटनवाल्यांनी तीन शब्द वेगळे ठेवलेत. पार्टिसिपेशन म्हणजे अभ्यासात नाव घालणं, एंगेजमेंट म्हणजे लोकांपर्यंत माहिती नेणं, आणि इन्व्हॉल्व्हमेंट म्हणजे लोकांच्या सोबत बसून किंवा लोकांनीच केलेलं संशोधन. तिथे १९९६ पासून ह्या एकाच कामासाठी सरकारी पैशावर चालणारी संस्था होती, पुढे तिचं नाव 'इन्व्हॉल्व्ह' झालं. आपण तिन्हीला सहभाग म्हणून मोकळे.

रापणकर:
'वाटेकरी' घ्या की. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात तेव्हा, दोराला हात लावला की वाटा आला, मग तो होडीचा मालक असो नायतर किनाऱ्यावर उभा असलेला पोरगा. आमच्याकडे सगळ्यांना पटकन कळेल.

कोर्टाची पायरी:
रापणकर, शब्द झकास आहे पण कोकणात 'वाटेकरी' म्हटलं की माणूस पहिला सातबारा काढतो 😀 पन्नास नावं, निम्मे मुंबईत आणि कुणाचीच सही नाही. माहितीपत्रकात हा शब्द दिसला तर म्हातारी माणसं अंगठा द्यायची नाहीत. आणि 'पब्लिक'चं 'जनता' पण नको, प्रचाराची जीप आल्यासारखं वाटतं. साधं 'लोक' बरं.

शेवटची होडी:
मी स्वतः बरीच वर्षं गोळ्या घेतोय त्यामुळे माझंही ऐका. पुण्याकडे पेशंटला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची पद्धत पडलीये, पार्किन्सन्सच्या मंडळातसुद्धा हेच शब्द चालतात. हेतू चांगला आहे, कुणाला आवडत असतील तर वापरा, मला मात्र लग्नपत्रिकेत नाव छापल्यासारखं वाटतं. 'मनोरुग्ण' अजिबात नको, ते ऐकलं की आमच्याकडे लगेच 'रत्नागिरीक धाडा' सुरू होतं, त्या बिचाऱ्या गावाचा आणि तिथल्या मेंटल हॉस्पिटलचा काय दोष. मला 'पेशंट' चालतं. ताप आलेल्यालाही तेच म्हणतात ना.

दुसरं म्हणजे ह्या बसण्याचा उपयोग काय ते सांगतो. एका प्रश्नावलीवर मत द्यायला आम्हाला बोलावलं होतं. प्रश्न होता, गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला किंवा टिकायला त्रास झाला का? माझ्या शेजारी एक मावशी होत्या, मुलगा आजारी आणि नवरा मच्छीमार. त्या म्हणाल्या, "पहाटे तीनाक होडी सुटता, झोप खंय टिकतली? आमच्या वाडीत सगळेच आजारी म्हणान लिवतलास?" सगळे हसले पण प्रश्नावलीवाल्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग ठरलं की विचारणाऱ्याने आधी होड्या चालू आहेत की बंदी आहे ते बघायचं, कारण जून-जुलैत बंदी असते तेव्हा झोपेचं गणितच वेगळं, आणि मग विचारायचं की निजायला वेळ असूनही झोप येत नाही का. हे ऑफिसात बसून कुणाला सुचलं असतं?

खाडीकाठ:
ह्यालाच 'लिव्ह्ड एक्सपिरियन्स' म्हणतात, म्हणजे स्वतः त्यातून गेल्यामुळे आलेली जाण, आणि त्यालाही धड मराठी शब्द नाहीये. 'अनुभवी व्यक्ती' लिहिलं तर नोकरीची जाहिरात, 'भोगलेला' लिहिलं तर मागल्या जन्मीचं पाप. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण मात्र नेमकी आहे.

मावशींसारखंच मोठ्या प्रमाणावर पण झालंय. शॉक ट्रीटमेंटबद्दल पेशंटना काय वाटतं ह्यावरचे सगळे जुने अभ्यास लंडनच्या डायना रोझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एकत्र तपासले, ह्या बाई स्वतः मानसिक आरोग्यसेवा घेतलेल्या संशोधक. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत 'उपयोग झाला' म्हणणारे जास्त निघाले आणि पेशंटनी किंवा त्यांना सोबत घेऊन केलेल्या अभ्यासांत कमी. शिवाय निदान एक तृतीयांश लोकांनी आठवणी कायमच्या गेल्याचं सांगितलं होतं. विचारणारा कोण, कधी विचारतो, ह्याने उत्तर बदलतं. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरच विचारत असेल तर कोण नाही म्हणेल हो?

कोर्टाची पायरी:
कायद्यातलं थोडं सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संशोधनासाठी समजून-उमजून दिलेली संमती लागते. पण ती 'सहभागी'ची संमती झाली, आखणीत बसवा असं ते कलम म्हणत नाही. त्याच कायद्यातल्या पुनरावलोकन मंडळावर (पेशंटच्या तक्रारी ऐकतं ते) मात्र दोन जागा आजार असलेल्या व्यक्ती, सांभाळणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. म्हणजे कायद्याने खुर्ची मांडलीये, संशोधनवाल्यांनी पण मांडावी. आणि सुरंगीताई, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी देणार का ते पत्रकात लिहा. 'मानधन' असं मोघम लिहून शेवटी चहा-वडापाववर बोळवण करतात.

सुरंगी:
भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही आहे, लिहिते. मग एकाच शब्दाच्या मागे न लागता असं केलं तर? शीर्षक: 'पेशंट, घरची माणसं आणि गावातले लोक यांच्यासोबत संशोधन'. खाली: 'तुमच्यावर अभ्यास करण्यासाठी हे बोलावणं नाही. अभ्यास कसा करायचा हे आमच्यासोबत ठरवायला या.' ठरवणाऱ्यांना 'सोबती' आणि ज्यांच्यावर अभ्यास होणार त्यांना 'सहभागी', दोन्ही कागदांवर कायम हेच.

रापणकर:
सोबती चालतला. पण त्यांनी ठरवलेलं ऐकणार नसाल तर शब्द कुठलाही घाला.

शेवटची होडी:
चांगलं झालंय. मजकूर मोठ्या अक्षरात छापा, गोळ्यांनी डोळ्यांपुढे धूसर दिसतं बऱ्याच जणांना. आणि मिटिंग शिमग्याच्या आठवड्यात ठेवू नका, कुणी म्हणजे कुणी यायचं नाही.