कड्यावरचा समुद्राकाठचा गोल्फ कोर्स: वाऱ्यात क्लब कसा निवडायचा आणि कड्याखाली गेलेल्या बॉलचं काय?

तिसरा_शॉट
नमस्कार मंडळी. हँडिकॅप १८ (म्हणजे मध्यम दर्जाचा हौशी खेळाडू). आजवरचा सगळा खेळ झाडांच्या आडोशातल्या, सपाट कोर्सवरचा. आता समुद्राच्या कड्यावरच्या कोर्सवर खेळायचं ठरलंय. बऱ्याच होल्सना एका बाजूला थेट समुद्र आहे, दोन ठिकाणी खाडीच्या तोंडावरून पलीकडे मारायचं आहे आणि एक पार ३ (तीन फटक्यांत संपवायचा होल) चांगलाच उतारावरचा आहे. सेव्हन आयर्न क्लबचा (काठीचा) कॅरी, म्हणजे हवेतून जाणारं अंतर, १४५ यार्ड, सेव्हन वुडचा साधारण १८०, बॉल नेहमी उंच जातो. तीन गोष्टी हव्या आहेत: वाऱ्याचा हिशेब, कड्यावरून खाली गेलेल्या बॉलचे नियम आणि सामानात काय बदल करावा. "मजा करा, स्कोअर विसरा" हा सल्ला मिळालाय, त्यापुढचं सांगा.

पाठवारा
आधी वेळ. निरभ्र, उन्हाच्या दिवसात जमीन तापली की खारे वारे सुरू होतात. उशिरा सकाळी जोर धरतात, दुपारी कळस गाठतात आणि सूर्य कलला की पडतात. त्यामुळे पहिल्या तासातली टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळत असेल तर तीच घ्या. पहिल्या नऊ होल्सना जो क्लब चालला तो परतीच्या नऊला चालेल असं मात्र धरू नका.

हिशेबाचं ढोबळ सूत्र असं: समोरचा वारा ताशी जितके मैल, तितके टक्के अंतर वाढवायचं. पाठीमागचा असेल तर त्याच्या निम्मेच टक्के कमी करायचं. ताशी २० मैल म्हणजे साधारण ३२ किमी. अशा समोरच्या वाऱ्यात १५० यार्डांचा शॉट १८०चा होतो, पाठवाऱ्यात १३५चा. समोरचा वारा जेवढं हिरावून घेतो तेवढं पाठवारा परत देत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

उतारासाठी दर तीन फुटांना एक यार्ड कमी. आता तुमच्या पार ३ सारखं उदाहरण घेऊ. होल १६५ यार्ड, ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) ६६ फूट खाली, समोरून ताशी २० मैल वारा. १६५ वजा २२ म्हणजे १४३, त्यावर २० टक्के, म्हणजे सुमारे १७२. शिवाय बॉल खाली उतरताना जास्त वेळ हवेत राहतो, म्हणजे वाऱ्याच्या तावडीतही जास्त वेळ. म्हणून तिथे १८०चा क्लब काढा, तुमच्या बॅगेत तो सेव्हन वुड आहे. नुसता उतार बघून सेव्हन आयर्न काढणारे सगळे आखूड पडतात. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच कोर्सचा सातवा होल जेमतेम १०६ यार्डांचा, तोही उतारावरचा. १९९२च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी टॉम काइटने तिथे सिक्स आयर्न मारला होता आणि तरीही ग्रीन चुकलं. पुढे चिप (जवळून मारलेला छोटा शॉट) थेट होलमध्ये गेली ती गोष्ट वेगळी.

वारा मोजायला झेंड्यावर विसंबू नका. झेंडा जमिनीपासून दोन मीटरवर, तुमचा बॉल पंचवीसच्या आसपास. समुद्र बघा, तो कड्यावरून सतत डोळ्यांसमोर असतो. लाटांवर पांढरे तुरे तुरळक दिसले तर वारा ताशी १२ ते १९ किमी. जागोजागी दिसले तर २० ते २८. सगळा समुद्रच तुऱ्यांनी भरला असेल तर ३०च्या पुढे. एक गफलत टाळा: वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर किनाऱ्यालगतचं पाणी शांत दिसतं, कारण लाट उठायला तिथे अंतरच मिळालेलं नसतं. तेव्हा नजर दूरवर टाका.

आणि कड्याची स्वतःची एक खोड असते. समुद्राकडून आलेला वारा कड्याला धडकून वर चढतो. अगदी कडेशी, कातळाच्या ओठाजवळ, तो जमिनीलगत मंद किंवा उलटसुलट वाटतो आणि वर मात्र प्रचंड जोरात असतो. टी (होलची सुरुवातीची जागा) कडेलगत असेल तर अंगाला वारा लागला नाही म्हणून फसू नका. चिमूटभर गवत डोक्याच्या वर उडवा आणि पुढच्या ग्रुपचे बॉल कसे वळतात तेही बघा.

तिसरा_शॉट
सूत्र कळलं. पण समोरचा वारा असला की माझा बॉल वर उठतो आणि जागच्या जागी खाली येतो. जास्त जोरात मारलं तर अजूनच वर जातो.

पाठवारा
जोर वाढला की बॅकस्पिन वाढतो आणि समोरच्या वाऱ्यात तो स्पिनच बॉलला वर ढकलतो. उपाय उलटा आहे: मोठा क्लब, कमी जोर. एक किंवा दोन क्लब जास्त घ्या, ग्रिप इंच-दीड इंच खाली धरा, बॉल नेहमीपेक्षा एका बॉलच्या रुंदीइतका मागच्या पायाकडे, वजन साधारण ६० टक्के पुढच्या पायावर. बॅकस्विंग तीन चतुर्थांश आणि फिनिश छातीच्या उंचीवर थांबवायचा. हात पुढे दाबून क्लब आवळू नका, तसं केलं की बॉल खुपतो किंवा उजवीकडे निसटतो. रेंजवर हाच शॉट सेव्हन आयर्नने किती जातो ते मोजून लिहून घ्या. बहुतेकांचा नेहमीच्या अंतरापेक्षा दहा ते पंधरा यार्ड कमी भरतो आणि तो आकडा माहीत नसेल तर वरचं सगळं गणित वाया.

पाठवाऱ्यात बॉल ग्रीनवर धरत नाही, सपाट कोनात उतरून पळतो. ग्रीनच्या अलीकडे टाका आणि पळू द्या.

नियम_१७
आता कड्याखाली गेलेल्या बॉलचं. पहिलं काम: स्कोअरकार्डच्या मागचे लोकल रूल टी-ऑफच्या आधी वाचा. कडा लाल खुणांचा पेनल्टी एरिया आहे की पांढऱ्या खुणांचा आउट ऑफ बाउंड्स, यावर सगळं ठरतं. पांढरा असेल तर एक पेनल्टी (एक जादा फटका) आणि जिथून मारला तिथूनच परत. लाल असेल तर एकाच पेनल्टीत तीन पर्याय:

१. पुन्हा मागच्या जागेवरून.
२. बॉलने कडेची रेषा शेवटची जिथे ओलांडली तो बिंदू आणि होल एका रेषेत धरून, त्या रेषेवर हवं तितकं मागे.
३. त्या बिंदूपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं) गुडघ्याच्या उंचीवरून.

गोंधळ होतो तो खाडीवरून पलीकडे मारताना. बॉल पलीकडच्या गवतावर पडला आणि घसरून खाली गेला, तर शेवटची रेषा पलीकडची. ड्रॉप पलीकडे, ग्रीनच्या बाजूला. पण बॉल पलीकडच्या कातळावर, रेषेच्या खाली आपटला, तर तो पेनल्टी एरियातून बाहेर आलाच नाही. शेवटची रेषा अलीकडची, ड्रॉपही अलीकडेच. टीवरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून बॉल हवेत असतानाच चौघांपैकी एकाने फक्त पलीकडच्या कडेवर नजर ठेवावी. काही कोर्स अशा ठिकाणी ड्रॉपिंग झोन (ड्रॉपसाठी ठरवलेली जागा) देतात, तेही कार्डावर असतं.

प्रोव्हिजनलबद्दल (पहिला बॉल सापडला नाही तर म्हणून मारलेल्या राखीव बॉलबद्दल) सर्रास चूक होते. बॉल हरवला असेल तर तो फक्त पेनल्टी एरियातच असणार, अशी स्थिती असेल तर प्रोव्हिजनल खेळताच येत नाही. "सेफ्टीला एक मारतो" म्हणून मारलेला बॉल थेट खेळातला बॉल ठरतो, पेनल्टीसह. कडेच्या अलीकडे दाट झुडपं असतील आणि बॉल तिथेही असू शकेल, तरच प्रोव्हिजनल मारा. शोधायला तीन मिनिटं.

वाऱ्यासाठी अजून एक. ग्रीनवर पोहोचलात की लगेच मार्कर लावा, बॉल उचला, पुसा, परत ठेवा. एकदा उचलून ठेवलेला बॉल वाऱ्याने हलला तर पेनल्टीशिवाय मूळ जागी ठेवायचा. न उचललेला हलला तर जिथे गेला तिथूनच खेळायचं, मग तो उतारावरून ग्रीनबाहेर का जाईना. २०१५च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला शनिवारी बॉल ग्रीनवर ठरेनात म्हणून तासन्‌तास खेळ थांबला होता. ड्रॉप केलेला बॉल थांबल्यानंतर पुन्हा हलून पेनल्टी एरियात गेला तर २०२३पासून तोही मूळ जागी परत ठेवायचा असतो.

स्पर्धा असेल तर रेंजफाइंडरचा (अंतर मोजायच्या यंत्राचा) चढउतार धरणारा स्लोप मोड बंद, वारा मोजायचं यंत्र नको. गवत उडवणं चालतं, पावडर किंवा रुमाल नाही. आणि शॉट मारताना कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) वाऱ्याच्या आड मुद्दाम उभं करणंही नियमात बसत नाही.

तिसरा_शॉट
बॉल कडेवरच, पण दिसतोय आणि मारता येईल असा असेल तर? आणि खाडीवरून मारायचं की वळसा घालायचा, हे कसं ठरवता?

नियम_१७
लाल रेषेच्या आत असेल तरी आहे तसा खेळता येतो, क्लब जमिनीला टेकवताही येतो. पण तिथे अनप्लेएबलची (बॉल खेळण्याजोगा नाही असं ठरवायची) सवलत नाही, वरचे तीनच पर्याय. माझं मत ठाम आहे: कडेपासून दोन-तीन पावलांत असेल तर ड्रॉप घ्या. २०२२मध्ये पेबल बीचच्या आठव्या होलवर व्यावसायिक खेळाडू जॉर्डन स्पीथने अगदी कडेवरून शॉट मारून पार वाचवला, पण त्याचा कॅडी त्याला परोपरीने अडवत होता आणि कॅडीचंच बरोबर होतं. गवताखालची माती बऱ्याचदा आतून पोखरलेली असते, वरून कळत नाही. फॉलो-थ्रूमध्ये वजन पुढे जातं आणि पुढे म्हणजे नेमका समुद्र.

शेवटचा_पट
वळसा की थेट, याचं उत्तर कॅरीच्या आकड्यात आहे. वाऱ्याचा हिशेब लावून जो कॅरी निघेल तो तुमच्या "बरा लागलेल्या" शॉटने पार होत असेल तरच थेट. उत्तम लागलेल्या शॉटचा आकडा धरू नका. कॅलिफोर्नियातल्याच सायप्रस पॉइंट कोर्सचा सोळावा होल पार ३ आहे, २०० यार्डांहून जास्त समुद्रावरून. तरी कोर्सचा रचनाकार ॲलिस्टर मॅकेन्झीने डावीकडे जमीन खुली ठेवली आहे, तिथे टाकून मग ग्रीनवर यावं म्हणून. बहुतेक कड्यांच्या कोर्सवर असा बाजूचा रस्ता असतो. तो शोधा, त्यासाठी त्याच होलवर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) धरा.

आडव्या वाऱ्यात समुद्रावरून सुरुवात करून बॉल वाऱ्याने आत आणायचा, असं करू नका. झुळूक मध्येच मंदावली की तो परत येत नाही. वारा समुद्राकडून असेल तर ग्रीनच्या मध्यावर रोखा आणि जमिनीच्या बाजूला थोडं वाहू द्या. वारा समुद्राकडे असेल तर जमिनीकडच्या काठाच्याही बाहेर रोखा. हे भित्रेपण वाटेल, पण जमिनीकडून चिप आणि दोन पट म्हणजे एक शॉट जातो, समुद्रात दोन.

पटिंगला पाय नेहमीपेक्षा चार इंच जास्त रुंद, ग्रिप थोडी खाली. वारा बॉलला शेवटच्या मीटरभरात, वेग संपताना, जास्त ढकलतो. म्हणून होलमध्ये मरणारा पट नको, फूटभर पुढे जाईल असा मारा.

सामान_साफ
थोडक्यात सामान. छत्री घरी ठेवा, अंगाला घट्ट बसणारं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या, फडफडणारं नको. पावसाळी ग्लोव्हची जोडी, नेहमीपेक्षा सहा बॉल जास्त. ट्रॉली उताराला आडवी लावा आणि ब्रेक तपासा, स्टँड बॅग सरळ आडवी झोपवा.

खेळ संपला की क्लब त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा, विशेषतः प्लेटिंग नसलेल्या वेज (आखूड, उंच शॉटचे क्लब). त्यांना रात्रीतून गंज धरतो. ग्रिप कोमट पाणी आणि सौम्य साबणाने, कारण मिठाचा पातळ थर हाताला घसरतो. रेंजफाइंडरची काच कोरड्या कापडाने कधीच घासू नका. मिठाचे कण ओरखडे पाडतात, आधी ओल्या कापडाने टिपा. ट्रॉलीची चाकं काढून आसावरची खारी वाळू धुवा, नाहीतर पुढच्या फेरीत चाक अडकतं.