टेक्सासमध्ये मसाज थेरपिस्टचा परवाना : मालीश येत असताना ५०० तास शिकणे आवश्यक आहे का?

मीनल_प्लेनो :

नमस्कार. मी गेली चार वर्षे डॅलसजवळ प्लेनो येथे राहते. नुकतेच ग्रीन कार्ड हाती आल्यामुळे आता स्वतःच्या कामाचा विचार मोकळेपणाने करू शकते. माझे माहेर कऱ्हाडजवळचे. माझी आजी गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना तेल लावायला जात असे. तिच्या हाताखाली मीही ते शिकले, आणि पुढे पुण्यात एका आयुर्वेदिक केंद्राचा सहा महिन्यांचा पंचकर्म सहायिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून तीन वर्षे अभ्यंग (तेल-मालीश) आणि स्वेदन (वाफेचा शेक) यांचे काम केले. इथे आल्यावर ओळखीतल्या पाच-सहा बाळंतिणींना मी मैत्रीखातर मालीश केली. आता त्यांच्या ओळखीतून पैसे देऊन बोलावणारी घरे मिळू लागली आहेत, परंतु परवान्याशिवाय एक डॉलरही घेऊ नकोस, असे एका मैत्रिणीने बजावले आणि मी थांबले.

आयुर्वेदिक अभ्यंगालाही येथील कायदा मसाजच मानतो का? पुण्याच्या प्रमाणपत्राचा काही उपयोग होतो का? जे हात गेली पंधरा वर्षे हेच करत आले आहेत त्यांना ५०० तासांत नवीन असे काय शिकवतात? आणि दहावीनंतर मी विज्ञान शिकलेले नाही, तर इंग्रजीतली परीक्षा मला झेपेल का? ज्यांनी हे शिक्षण प्रत्यक्ष घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ह्यूस्टनची_सुनंदा :

मीनलताई, मी नऊ वर्षांपासून ह्यूस्टनमध्ये परवानाधारक मसाज थेरपिस्ट म्हणून काम करते आहे. तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला योग्य वेळी अडवले, हे प्रथम सांगते. टेक्सासच्या कायद्यात मसाज थेरपीची व्याख्या फार व्यापक आहे. हाताने किंवा यंत्राने शरीराच्या मऊ ऊतींना चोळणे, दाबणे, थोपटणे, हलवणे हे सारे तिच्यात येते, आणि त्यासोबत तेल, उष्ण दिवा, गरम-थंड पट्ट्या, वाफ यांचा वापरही त्याच कलमात लिहिलेला आहे. म्हणजे तुमचा अभ्यंगही त्यात आला आणि शेकही आला. मोबदला घेऊन हे करायचे असेल, तर त्याला आयुर्वेदिक म्हटल्याने परवान्यातून सुटका होत नाही.

परवाना देण्याचे काम २०१७ पासून टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन, म्हणजे टीडीएलआर, हे खाते पाहते. शाळा निवडताना ती या खात्याच्या परवानाधारक शाळांच्या यादीत आहे ना, हे स्वतः पाहून घ्या. विद्यार्थ्यालाही शिकण्यासाठी त्यांच्याकडून विद्यार्थी-परमिट घ्यावे लागते, आणि परवान्याच्या वेळी बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी होते.

पुण्याच्या तासांची सूट मिळेल या आशेवर थांबून राहू नका. तुमच्या केंद्राने विषयवार आणि तासवार नोंद असलेले, सही-शिक्क्याचे पत्रक दिले असेल तर ते टीडीएलआरला दाखवून जरूर विचारा. पण सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर शरीररचना किती तास आणि रोगविज्ञान किती तास शिकवले, हे बहुधा लिहिलेलेच नसते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. ५०० तासांची वाटणी कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. त्यातले २०० तास मसाजचे तंत्र आणि त्यामागचे शास्त्र यांचे असून त्यांतले किमान १२५ तास स्वीडिश मसाजचे, म्हणजे लांबवर हात फिरवणे, मळणे, थोपटणे अशा पाश्चात्त्य पद्धतीचे, असावे लागतात. शरीररचनेला ५०, शरीरक्रियेला २५, स्नायूंच्या हालचालींच्या शास्त्राला ५० आणि रोगविज्ञानाला ४० तास आहेत. पाण्याच्या आणि शेकाच्या उपचारांना २०, कायदा, व्यवसाय आणि व्यावसायिक नीती यांना मिळून ४५, स्वच्छता, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा तातडीचा उपचार) यांना २०, आणि शेवटी ५० तासांची इंटर्नशिप, ज्यात बाहेरून आलेल्या माणसांवर देखरेखीखाली काम करायचे असते. हे आकडे मुद्दाम दिले, कारण त्यांत तुमचे उत्तर आहे. तुमच्या हातांना जे येते ते त्या २०० तासांत मोडते. उरलेल्या ३०० तासांतले बरेचसे तुम्हाला आजीकडे किंवा पुण्यात शिकायला मिळालेले नसेल.

खुद्द त्या २०० तासांतही हात बदलावा लागतो. मी स्वतः कोल्हापूरची. आमच्या घराशेजारी तालीम होती आणि मालीश म्हणजे जोर, अशी माझी समजूत होती. शाळेत तिसऱ्याच दिवशी शिक्षिकेने माझे दोन्ही अंगठे धरले आणि सांगितले की असेच दाबत राहिलात तर दोन वर्षांत हे सांधे कामातून जातील. टेबलाची उंची सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मुठीच्या सांध्यांशी यावी, एक पाऊल पुढे आणि एक मागे ठेवावे, मागच्या पायाची टाच रेटून अंगाचा भार पुढे न्यावा, आणि अंगठ्याऐवजी कोपराखालचा हाताचा सपाट भाग वापरावा, हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. तुम्ही आजवर पाटावर किंवा चटईवर बसून काम केले असेल तर तुम्हालाही वेळ लागेल. स्वीडिश पद्धतीत हातापायांवर तळहात लांबवर फिरवण्याची दिशा हृदयाकडे असते, आणि त्यामागे शिरांतल्या रक्तप्रवाहाचे कारण आहे. तेल लावताना आपण हात वर-खाली दोन्हीकडे सारख्याच जोराने फिरवतो, तिथे पहिला फरक जाणवतो.

अभ्यासू_ऑस्टिन :

परीक्षेविषयी लिहितो, कारण माझ्या पत्नीने ती मागील वर्षी दिली आणि तिच्याबरोबर अभ्यासाला मी रोज रात्री बसत होतो. परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या या परीक्षेचे नाव एमबीएलईएक्स. सगळे तिला एम्ब्लेक्सच म्हणतात. शंभर बहुपर्यायी प्रश्न, एकशे दहा मिनिटे, आणि शुल्क २६५ डॉलर. ती संगणकावर होते आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. त्यामुळे एकदा दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही. आपल्याकडे आधी येणारे प्रश्न सोडवायचे आणि राहिलेल्यांकडे नंतर वळायचे, ही शाळेपासूनची सवय असते; ती इथे मोडावी लागते. नापास झाल्यास तीस दिवस थांबून पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागते.

बहुतेक विद्यार्थी स्नायूंची नावे पाठ करण्यात सारा वेळ घालवतात, आणि माझ्या पत्नीनेही पहिला महिना तोच घालवला. प्रत्यक्षात शरीररचना आणि शरीरक्रिया यांचा वाटा ११ टक्केच आहे. सर्वांत मोठा वाटा, १७ टक्के, ग्राहकाची तपासणी करून उपचार ठरवण्याला आहे, आणि त्याखालोखाल १६ टक्के नीती, मर्यादा आणि कायदे यांना. मसाज कोणाला आणि कधी करू नये, या विषयाला १४ टक्के आहेत. म्हणजे समोरच्या माणसाची माहिती वाचून आता काय करावे, असे विचारणारे प्रश्न पुष्कळ असतात, आणि त्यांत तुमचा अनुभव उपयोगी पडेल.

इंग्रजीची भीती मी समजू शकतो; परीक्षेचा दुसरा पर्याय फक्त स्पॅनिशचा आहे. परंतु वैद्यकीय शब्द येथील मुलांनाही नवेच असतात, कारण ते मुळात ग्रीक आणि लॅटिन आहेत. आम्ही खांद्याभोवतीचे चार स्नायू, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, माझ्याच खांद्यावर आयब्रो पेन्सिलने काढले होते. मी हात बाजूला उचलायचा, बाहेर वळवायचा, आत वळवायचा, आणि तिने बोट ठेवून कोणता स्नायू आखडला ते सांगायचे. ज्या शब्दाला बोटाखालची जागा मिळाली तो शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही.

टोरांटोकर :

एक गोष्ट विचारात घ्यावी अशी विनंती आहे. हा परवाना राज्यापुरता असतो. तुमच्या यजमानांची नोकरी बदलून उद्या न्यू यॉर्कला जावे लागले, तर तेथे १००० तासांचे शिक्षण मागतात. कॅनडात ओंटारिओमध्ये तर हा १९९१ च्या कायद्याने नियंत्रित आरोग्यव्यवसाय आहे. येथे नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट होण्यासाठी मला पदविकेची दोन वर्षे द्यावी लागली, पण त्यामुळेच नोकरदारांच्या आरोग्यविम्यातून येथे आमच्या उपचारांचे पैसे मिळू शकतात. टेक्सासबाहेर जाण्याची थोडीही शक्यता असेल, तर अधिक तासांचा अभ्यासक्रम देणारी शाळा निवडणे पुढे सोयीचे पडेल.

मीनल_प्लेनो :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सध्या तरी टेक्सास सोडणार नाही. सुनंदाताई, एकच विचारायचे राहिले. माझे काम मुख्यतः बाळंतिणींचे. आजी दहाव्या-बाराव्या दिवसापासून पोट आणि पाय चांगले जोर देऊन चोळत असे. परवाना मिळाल्यावर मला हे काम त्याच पद्धतीने करता येईल का?

ह्यूस्टनची_सुनंदा :

बाळंतिणीचे काम जरूर करता येईल, आणि आपल्या बायकांना येथे त्याची फार गरज आहे, कारण सासू किंवा आई सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन आली नाही तर तेल लावायला कोणीच नसते. त्याच पद्धतीने मात्र करता येणार नाही. टेक्सासच्या नियमांप्रमाणे पहिल्या भेटीच्या आधी सल्ला-पत्रक भरून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी लागते. कोणत्या प्रकारचा मसाज होणार, शरीराच्या कोणत्या भागांना हात लागणार आणि कोणत्या भागांना लागणार नाही, चादरीने अंग झाकलेले राहील, आणि अस्वस्थ वाटल्यास ती केव्हाही थांबवू शकते, हे सारे त्यात लिहिलेले असते. स्तनांचा मसाज तिच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला न्हाणीघरात बसवून सर्वांगाला तेल लावतात. येथे जेवढ्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करायचा, आणि तो झाकल्यावरच पुढचा उघडायचा. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत पोटाला हात लावू नये.

पायांविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, आणि त्यामुळे पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. अशा वेळी पोटरी जोरात चोळली तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. परवाना मिळाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी एका बाळंतिणीच्या घरी मी गेले होते. बाळ अठरा दिवसांचे होते. उजवी पोटरी फार दुखते, तिथेच जरा जोर द्या, असे तिची आई मला म्हणाली. चादर बाजूला केली तेव्हा उजवी पोटरी डावीपेक्षा स्पष्टपणे जाड दिसली, कातडी ताणलेली आणि लालसर होती, आणि हाताच्या पाठीला ती गरम लागली. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि आज मालीश होणार नाही, आत्ताच इस्पितळात जा, असे सांगितले. आईंना राग आला. संध्याकाळी सोनोग्राफीत गुठळी सापडल्याचा त्या मुलीचा फोन आला. कोल्हापूरहून आले तेव्हाची मी असते, तर आईंच्या सांगण्यावरून तिथेच जोर दिला असता.

त्या दिवसापासून प्रत्येक बाळंतिणीच्या दोन्ही पोटऱ्या आधी शेजारी शेजारी पाहते, दोन्हींवर हाताची पाठ टेकवते, आणि मगच तेल कोमट करायला ठेवते. शाळा पाहायला जाल तेव्हा गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मसाजचे वेगळे प्रशिक्षण तिथे मिळते का, हे फी भरण्यापूर्वी विचारून घ्या. बाळाच्या मालिशीसाठी आईलाच तेल लावायला शिकवण्याची पद्धत येथे अधिक रूढ आहे, आणि तेही तुम्हाला चांगले जमेल.